अकरावीला गणित ठेवायचं की सोडायचं?

दहावीचा निकाल लागला की आपल्या हिंगोली-वसमतकडच्या घरांत एक वाक्य हमखास कानी येतं, 'पोरीच्या जातीला कशाला हवं गणित? सोडू दे.' मैत्रिणींनो, अकरावीच्या विषयांवर खूण करण्याआधी जरा थांबा बरं!

विज्ञान शाखेत गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी एकच घ्यावं लागतं असं पुष्कळजणी धरून चालतात. तसं नाही. दोन्ही घेता येतात. अभ्यास वाढतो खरा, पण मुलीचं मन अजून ठरलेलं नसेल तर मला तरी हाच मार्ग बरा वाटतो. इंजिनिअरिंगच्या सीईटीत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात. गणित सोडलं की ती वाट बहुधा बंदच. आपल्या औंढा तालुक्यात लायगोची वेधशाळा व्हायची आहे, काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्राने 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. घराजवळच्या अशा कामाला आपल्याच मुली नकोत का?

कॉमर्सला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेण्याची सोय आहे. पण तिथलं गणित निराळं बरं का! कमिशन, विमा असले व्यवहारातले धडे त्यात येतात. दुकान सांभाळणाऱ्या घरातली मुलगी त्यात सहज रमेल.

आर्ट्सच्या मुलीलाही गणित घेता येतं. मात्र त्या कॉलेजात ते शिकवतात का, नि शिकवायला कोण आहे, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचारा.