जुन्या लष्करी ट्रकला रंग नको, आधी खिडक्या दुरुस्त करा!

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी जवळ आले की एक काम हमखास होतं. चौकात, कॉलेजच्या आवारात किंवा एखाद्या स्मारकाशेजारी उभ्या असलेल्या जुन्या लष्करी गाडीला हिरव्या रंगाचा एक हात मारला जातो. हार घातला जातो, फोटो निघतात. मंडळी, पुढच्या वेळी अशी गाडी दिसली की जवळ जाऊन फक्त खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा बघा. बोटाने हलकंच दाबा. बऱ्याचदा रंगाखाली पत्राच उरलेला नसतो.

माझं म्हणणं साधं आहे. ज्यांना अशी गाडी नीट ठेवायची आहे त्यांनी रंगाचा खर्च थांबवावा आणि आधी खिडक्यांचं काम करावं. कारण गाडी मरते ती तिथूनच.

हे होतं कसं? काचेभोवतीचं रबर उन्हात कडक होतं, त्याला भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं आणि रबराखाली साचून राहतं. दाराच्या आत उतरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तळाला बारीक भोकं असतात, ती पानं आणि धुळीने बुजतात. मग पत्रा आतून कुजायला लागतो, बाहेरून काहीच दिसत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो आणि काचेवर दाब देतो. एक दिवस काच तडकते आणि आपण म्हणतो, "कुणीतरी दगड मारला असेल." आपल्या पार्ल्यात तर चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने जुहूकडून येणारी खारी हवा. बाल्कनीच्या ग्रिलचं काय होतं ते आपण सगळेच बघतो.

आता आपला नेहमीचा उपाय बघा. गंजावर पुट्टी भरायची, घासायची, वर रंग. पहिल्या पावसापर्यंत छान दिसतं. पण पुट्टीखाली गंज चालूच राहतो आणि दोन वर्षांनी कोपराच हातात येतो.

खरं काम वेगळं असतं. आधी काच आणि रबर काढायचं. कापण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवायचे, कारण चौकट जरा जरी वाकडी झाली तरी काच परत बसत नाही. मग निरोगी पत्रा लागेपर्यंत कुजलेला भाग कापायचा, त्याच जाडीचा तुकडा बसवायचा आणि थांबून थांबून ठिपके दिल्यासारखं वेल्डिंग करायचं. एका दमात केलं तर पातळ पत्रा तापून वाकतो. नंतर प्रायमर, सांध्यांना सीलर, तळाची भोकं मोकळी आणि सगळ्यात शेवटी नवं रबर. चौकट लाकडी असेल तर कुजलेला कोपरा काढून सागवानाचा तुकडा सांधायचा, एम-सीलचा गोळा कोंबायचा नाही. जुना रंग घासताना तोंडाला मास्क हवाच, त्यात शिसं असू शकतं.

यातलं काहीही परदेशातून मागवावं लागत नाही. पत्राकामाचे कारागीर अंधेरी-जोगेश्वरीत आहेत. रबर, चॅनल, क्लिपा हवे असतील तर कुर्ल्याचा बाजार आहे. अडचण कारागिरांची नाही. हे काम सांगणारा आणि त्याचं बिल मंजूर करणारा कुणी नसतो, ही अडचण आहे.

"अहो, जुन्या ट्रकवर कशाला पैसे?" हा प्रश्न येणारच. शक्तिमान ट्रक आठवा. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने 1959 पासून जबलपूरला बनू लागला आणि जवळजवळ चार दशकं सैन्याचं सामान वाहत राहिला. 1971 च्या युद्धात रसद पोचवणारी गाडी हीच. रणगाड्याला स्मारक मिळतं, ट्रकला भंगारवाला मिळतो.

नियमही ट्रकच्या बाजूने नाहीत. 2021 च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात. म्हणजे जुन्या जीपला तिथे जागा मिळू शकते, मालवाहू ट्रक त्या व्याख्येत बसतच नाही. हौशी माणसाने ट्रक घेऊन जपायचं ठरवलं तरी व्हिंटेजचा दर्जा नाही. ही व्याख्या केंद्राने बदलायला हवी.

आणि मुंबईकरांना दुर्लक्षाची किंमत वेगळी सांगायला नको. 'विक्रांत' 1997 ला निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली, 2012 ला सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना भंगारात गेली. तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण जहाज एका दिवसात कुजत नाही, दर पावसाळ्यात थोडं थोडं कुजतं. जहाज सांभाळणं अवाढव्य काम होतं, मान्य. ट्रकच्या चार खिडक्या तरी आपल्या आवाक्यातल्या आहेत ना?

म्हणून तीन मागण्या. एक, कुठल्याही संस्थेला लष्करी गाडी प्रदर्शनासाठी देताना वर छप्पर आणि दर पावसाळ्याआधी तपासणी ही अट घालावी. दोन, दुरुस्तीचं काम जवळच्या आयटीआयच्या मुलांना द्यावं. वेल्डिंग आणि पत्राकाम शिकणाऱ्यांना यापेक्षा चांगला धडा कुठला? तीन, अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालय आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही तिथेच आहे. त्यांनी मिळून मराठीत एक छोटी देखभाल पुस्तिका काढावी.

शाळेच्या फळ्याला पैसे नसताना ट्रकला द्या, असं मी म्हणत नाही. दरवर्षी रंगावर जे उडवता, तेच एकदा चौकटीवर लावा एवढंच म्हणतोय.

तुमच्या भागात अशी गाडी असेल तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्याचा फोटो कमेंटमध्ये टाका. जागाही लिहा. हारासकटचा फोटो नको, तो सगळ्यांकडे आहे.