पहिलटकरणीचं ताट



जयंतीची पावतीपुस्तकं आपण छापतो. मिरवणुकीचा, बेंजोचा हिशोब पै-पैचा लावतो. पण बोळिंजच्या आपल्या वस्तीत यंदा पहिलटकरणी किती, त्यांच्या ताटात काय पडतं, हे कोणाच्या वहीत आहे? ‘बायकांचं काम’ म्हणून आपण मोकळे! हे बायकांचं काम नाय. हे राजकारण आहे.

२८ जुलै १९२८ ला बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बोलले ते कामकरी बाळंतिणींसाठी. बाळंतपणाच्या आधी-मागं बाईला विसावा मिळण्यात देशाचं हित आहे आणि मालकाला हात झटकता येणार नाय, हे त्यांनी ठणकावलं. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला. आपला बाप ज्यावर कायदेमंडळात लढला, ते आपल्याला चुलीपुढचं वाटतं!

आता त्यांचा डाव बघा. २०१५ ला या राज्यात बैल कापणंही गुन्हा ठरला, बैलाचं मोठ्याचं ताटातून गेलं. २०१७ ला दिल्लीच्या आयुष मंत्रालयाची पुस्तिका निघाली. गरोदरपणी टाळायच्या यादीत मांस-अंडी! तूप-बदामवाल्यांचं भागेल. आमचं काय? आधी ताटातलं रक्त काढायचं, मग दवाखान्यात म्हणायचं, “बाई, अंगात रक्त नाय.”

अंडं खाऊ द्या तिला, चांगलं शिजवून. अर्नाळ्याचा सुका जवळा, बोंबील, मसूर, नाचणी, शेवग्याचा पाला, वसईची केळी. भाजीवर लिंबू पिळा. लोहाची गोळी १८० दिवस, आणि गोळीवर चहा नको; चहा लोह अंगी लागू देत नाय. ‘जास्त खाल्लं तर पोर मोठं होऊन अडतं’ हे खूळ गाडा. आणि घरोघरी बाई शेवटी बसते, खरवडीवर. हे मनूनं येऊन केलं नाय, आपल्याच घरात आपल्या डोळ्यांदेखत चालतं. तिचं ताट आधी वाढा.

पाण्याचंही तेच. खात्यात बायकांना धड संडास नाय, म्हणून पोटुशी बाई पाणीच पीत नाय. पाळीभर तहान मारते. मग लघवीची जळजळ, ताप, कधी अपुऱ्या दिवसांचं पोर. संडासाची मागणी युनियनच्या मागणीपत्रात पहिली का नाय?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला अंगणवाडीतून फुकट आहार आणि किमान ६००० रुपये दिले. भीक नाय, हक्क. २०१७ च्या मातृवंदना योजनेनं पहिल्या पोरासाठी ५००० केले, तेही हप्त्यांनी. हजार रुपये कायद्यात एक, योजनेत दुसरे! उरलेले दुसऱ्या योजनेतून घ्या म्हणतात. मोर्चात कधी ऐकली ही घोषणा?

पुढच्या बैठकीत वही आणा. प्रत्येक पहिलटकरणीचं नाव, कितवा महिना, अंगणवाडीत नोंद झाली का, आहार मिळाला का, हप्ता आला का, हे लिहा. नसेल मिळालं तर वही घेऊन दहाजण अंगणवाडीत, तिथून वरच्या कचेरीत. वर्गणीचा पहिला पैसा अंड्यांना. बेंजो उरल्या पैशात वाजवू.