मुलाचा पहिला कॅमेरा

मुंजीत बटूला काय द्यावे, मुलीच्या वाढदिवसाला काय घ्यावे, हा प्रश्न आपल्या घरांतून दरवर्षी निघतो. एके काळी घड्याळ ठरलेले असे, मग सायकल आली. अलीकडे एखादी आत्या किंवा मामा म्हणतात, "आपण त्याला कॅमेरा देऊ या." शाळेच्या फाटकाशी पालक आम्हाला विचारतात, कोणता घ्यावा? आमचे मत असे आहे की सात-आठ वर्षांच्या मुलाला खराच कॅमेरा द्यावा, पण तो असा असावा की हातातून पडला तर घरात कुणी ओरडणार नाही.

"घरात मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला?" ही शंका रास्त आहे, कारण मोबाईलवर फोटो चांगलेच येतात. पण तो मोबाईल आई-बाबांचा असतो. मूल अंगणातल्या खारीवर नेम धरून उभे असते आणि तेवढ्यात फोन येतो, किंवा "दे इकडे, बॅटरी संपेल" अशी हाक येते. खारीऐवजी कार्टून सुरू होते ते वेगळेच! शिवाय त्याने काढलेले दहा फोटो आईच्या पाच हजार फोटोंत, लग्नाच्या पत्रिकांत आणि सुप्रभातच्या चित्रांत हरवून जातात. कॅमेऱ्याने फक्त फोटो निघतात, आणि लहान मुलासाठी आम्हाला हाच त्याचा मोठा गुण वाटतो.

बाजारात दीड-दोन हजारांत मुलांसाठी म्हणून रंगीत कॅमेरे मिळतात. त्यांना सशाचे कान असतात, फोटोला चौकटी असतात आणि पुष्कळांत खेळही भरलेले असतात. आमचा विरोध आहे तो या खेळांना. मोबाईल टाळायचा म्हणून कॅमेरा आणावा आणि त्यातही खेळच निघावेत, हे काही बरे नव्हे. खोक्यावर छापलेल्या चाळीस मेगापिक्सेलवरही जाऊ नये. आतला प्रकाश टिपणारा भाग नखाहून लहान असतो आणि पुष्कळदा उरलेले ठिपके कॅमेरा हिशेबाने भरून काढतो. त्यामुळे आकडा वाढतो, पण आजीच्या साडीचे काठ काही स्पष्ट होत नाहीत. अगदी लहान, चार-पाच वर्षांच्या मुलाला असा कॅमेरा खेळणे म्हणून द्यायला हरकत नाही. खेळ मात्र नसलेला पाहावा.

मेगापिक्सेलचा हिशेब पालकांनी एकदा स्वतः करून पाहावा. नेहमीचा चार बाय सहा इंचांचा फोटो चांगला छापायला दर इंचाला तीनशे ठिपके पुरतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, एकूण २१ लाख ६० हजार. दोन मेगापिक्सेलहून किंचित जास्त. भिंतीवर लावायला आठ बाय बारा इंचांचा केला तरी नऊ मेगापिक्सेलच्या आत भागते. म्हणून पाच, आठ, दहा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा मुलाला कमी पडत नाही.

जुना हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०२३ मध्ये हा आकडा ऐंशी लाखांच्याही आत आला. मोबाईलने ती बाजारपेठ गिळली, पण ते कॅमेरे कुठे गेले? बरेचसे आपल्याच कपाटात, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली पडले आहेत. नवे खेळणे घेण्याआधी ते कपाट उघडावे.

तिथे मिळालेला किंवा सेकंडहँड दुकानातला कॅमेरा घेताना आधी बॅटरी पाहावी. जुन्या कॅमेऱ्याचे बहुतेक दुखणे तिच्यातच असते. ज्यात साधे पेन्सिल सेल बसतात तो उत्तम, कारण ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. फक्त स्वस्तातले साधे सेल चार फोटोंत मान टाकतात, म्हणून पुन्हा चार्ज होणारे घ्यावेत. खास बॅटरीचा कॅमेरा असेल तर तिचा चार्जर सोबत आहे ना, बॅटरी फुगलेली नाही ना, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कार्डाचेही तसेच. २००६ च्या आधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना दोन जीबीहून मोठे कार्ड वाचता येत नाही. पालक नवे बत्तीस जीबीचे कार्ड घालतात आणि कॅमेरा बिघडला असे समजून ठेवून देतात! पुढे येणारी लेन्स दोन-तीन वेळा बाहेर-आत करून पाहावी. कर्र असा आवाज आला तर आत माती गेली आहे असे समजावे.

माती, पाणी आणि उंचावरून पडणे सोसणारे कॅमेरेही निघाले. निकॉनने २०१९ मध्ये आणलेला कूलपिक्स डब्ल्यू १५० हा त्यांतलाच. लेन्स बाहेर न येणारी, दहा मीटर पाण्यापर्यंत चालेल अशी बांधणी. वापरलेला मिळाला आणि झेपत असेल तर असा प्रकार मुलासाठी छान. पण त्याच्या किमतीमुळे आई सतत मागे हात धरून उभी राहणार असेल तर साधाच घ्यावा. १९०० साली कोडॅकने मुलांना डोळ्यांपुढे ठेवून ब्राउनी नावाचा कॅमेरा काढला. तो म्हणजे जवळजवळ एक पुठ्ठ्याचे खोके होते आणि किंमत होती एक डॉलर. मुलाच्या हाती निर्धास्त देता येईल अशी किंमत, हे त्यामागचे शहाणपण आजही लागू पडते.

आणि पसंती मुलाने करावी. बाबांना झूम किती पट हे बघायचे असते. मुलाच्या बोटाला बटण पोहोचते का, एका हातात धरता येतो का, हे आधी बघायला हवे. पट्टा मनगटाचा असावा, गळ्यातला कुठेतरी अडकतो. डोळा लावून बघायची खिडकी असेल तर तिच्यातून सूर्याकडे बघायचे नाही, हे पहिल्याच दिवशी बजावावे.

एवढे झाल्यावर मोठ्यांनी थोडे बाजूला व्हावे. "आजोबांचे डोके कापलेस", "वाकडा आला" ही वाक्ये पहिले सहा महिने तरी नकोत. सात वर्षांचे मूल जेमतेम चार फूट उंच असते. त्याला टेबलाची खालची बाजू दिसते, पाहुण्यांच्या चपला दिसतात, जिलेबीच्या कढईची कड दिसते आणि आजीचे हात तिच्या चेहऱ्याआधी दिसतात. आपल्या घरांच्या अल्बमांत हे कुठेच नाही, कारण ते सगळे फोटो साडेपाच फुटांवरून काढलेले आहेत. ही उंची मुलाकडे फार तर तीन-चार वर्षे असते. कॅमेरा मोठेपणी घेऊ असे म्हणणाऱ्या पालकांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो.

इंदूरला हा छंद काही परका नाही. लाला दीनदयाळ पुढे हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले. पण १८६६ मध्ये ते आपल्या याच गावात बांधकाम खात्यात नकाशांच्या कामावर लागले होते, आणि कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो इथेच, १८७४ च्या सुमारास. त्या काळी एकेका काचेवर एकेक चित्र निघे, त्यामुळे आधी पुष्कळ पाहणे भागच होते. आज कार्डात शेकडो मावतात. म्हणून मुलाला एखादा विषय द्यावा. पितृपक्षात मालव्यातल्या मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, रोज नवी आकृती आणि शेवटी किलाकोट. दुसऱ्या दिवशी आदली आकृती राहत नाही. शेजारच्या एकाच भिंतीचे रोज संध्याकाळी एक चित्र काढले तर पंधरवड्यात जे जमेल ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे दिवे तर सगळेच टिपतात. झांकी ओढणाऱ्यांचे पाय कुणी टिपले तर आम्हाला जरूर दाखवावे.

विद्यार्थिमित्रांनो, एक नियम मात्र तुमच्यासाठी. माणसाचा फोटो विचारून काढायचा आणि नको म्हटले की कॅमेरा खाली. पालकांसाठीही त्याचाच भाऊ: मुलांनी काढलेले वर्गमित्रांचे फोटो त्यांच्या घरी विचारल्याशिवाय गटांवर फिरवू नयेत. महिन्याला पाच फोटो निवडून, कागदावर छापून, मुलाने स्वतःच्या अक्षरात मागे तारीख घालावी. निवड त्याचीच असावी, वाकडा निवडला तरी.

आता विश्वस्त मंडळाला विनंती. प्रत्येक घरी कॅमेरा घेणे जमणार नाही, आणि ज्यांना जमणार नाही त्यांची मुले याला मुकावीत असे आम्हाला वाटत नाही. ग्रंथालयात एक कपाट द्यावे. पालकांनी घरात पडून असलेले कॅमेरे आणून द्यावेत. चालू असलेले आठ-दहा जरी निघाले तरी तिसरी-चौथीच्या मुलांना पुस्तकांसारखे आठवड्यासाठी घरी नेता येतील. खर्च चार्जरचा, सेलचा आणि छपाईचा. पडून मोडला तर दंड नसावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. दंड ठेवला की पालक कॅमेरा घरी नेऊन पुन्हा कपाटातच ठेवतील. नोंदवही सांभाळायला दोन निवृत्त शिक्षक तयार आहेत.

कॅमेरा आणून देणाऱ्यांनी घरचे कार्ड काढून घ्यावे, आणि आत जुने सेल असतील तर तेही काढून आणावेत. ते आतल्या आत पाझरून पत्र्या खातात.