आजारी न पडताही बसता आलं पाहिजे

सोलापूरच्या पूर्वभागात शिक्षिका म्हणून माझं आयुष्य गेलं. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या आया विड्या वळायच्या. आज त्या सत्तरीला आल्या आहेत. रस्त्यात भेटल्या की गुडघे, पाठ, मोतीबिंदू असं सगळं सांगून होतं आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘आता माझा काय उपयोग, बाई? बसून खातेय.’

हे वाक्य मला सहन होत नाही. मांडीवर सूप, त्यात भिजवलेलं तेंदूपान. मापानं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. अशा हजार विड्या झाल्या की दिवस भरला. कारखान्यात माल देताना त्यातल्या काही छाटात जायच्या, म्हणजे तेवढे कष्ट फुकट. वर स्वयंपाक, पाणी, बाळंतपणं. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग थंडावले, तेव्हा या शहरातली हजारो घरं याच बोटांवर चालली. त्या बोटांना आता सुई ओवता येत नाही, म्हणून बाईला लाज वाटते!

आणि या बायका भित्र्या मुळीच नाहीत. मजुरीसाठी त्यांनी मोर्चे काढले, घरांसाठी वर्षानुवर्षं लढल्या. कुंभारीला २००६ साली उभं राहिलेलं गोदूताई परुळेकर विडी घरकुल, दहा हजार घरांचं, त्याच लढ्याचं फळ. सरकारकडं घर मागणारी हीच बाई सुनेकडं दुपारची तासाभराची झोप मात्र मागू शकत नाही. ताप आला तरच आडवं व्हायचं, अशी तिनं स्वतःला शिस्त लावली आहे.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली आत्मकरुणेची मांडणी केली. स्वतःशी मायेनं वागणं, आपलं दुःख चारचौघांसारखंच आहे हे ओळखणं आणि ते न दडपता, न वाढवता पाहणं. यातलं दुसरं आमच्या ओट्यांवर पूर्वीपासून आहे. तिथं शेजारणीला ‘दमलीस गं, टेक जरा’ म्हणणारी प्रत्येकजण आहे. तेच स्वतःला म्हणताना मात्र तिची जीभ अडखळते.

त्याला आपलं कौतुकही कारण आहे. ‘आमची आई अजून कामाला वाघ आहे’ असं मुलगा पाहुण्यांसमोर अभिमानानं सांगतो. ते ऐकल्यावर ती बसणार कशी? पैशाचाही प्रश्न आहेच. भविष्य निर्वाह निधीची किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली आणि पुढं दहा वर्षं तिथंच राहिली. एवढ्या पैशात औषधं आणायची की स्वाभिमानानं जगायचं? अशा बाईला नुसतं ‘स्वतःवर प्रेम करा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तिला विसावा हवा, तसा हातात स्वतःचा पैसाही हवा.

म्हणून पेन्शनवाढीची मागणी आपण सगळ्यांनी लावून धरू या. मुलांनो, सुनांनो, आईच्या कामाचं कौतुक थोडं कमी करा आणि दुपारी तिची सतरंजी तुम्हीच अंथरा. आणि माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही बसून खात नाही आहात. ते तुम्ही कधीच कमावून ठेवलं आहे. आज दुपारी खुशाल आडव्या व्हा.