सापळा भरला, आंबे मात्र किडकेच

आमच्या धारवाडच्या घरामागे आजोबांनी लावलेलं हापूसचं झाड आहे. गेली दोन वर्षं आंबा कापला की आत अळ्या! "काढूनच टाकू या झाड," बाबा म्हणाले. मी फळमाशीचा सापळा आणून टांगला. आठवड्यात तो माश्यांनी भरला. मी खूश. तरीही अर्धे आंबे किडके निघाले.

चुकलं कुठे? सापळ्यातल्या सगळ्या माश्या नर होत्या. फळाला टोचून अंडी घालते ती मादी, आणि ती या वासाकडे सहसा फिरकत नाही.

हा वास मिथाईल युजेनॉलचा. आपल्या वृंदावनातल्या तुळशीतही तो असतो. बिहारमधल्या पुसा इथले कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी 1912 मध्ये लिहून ठेवलं, की सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर धाव घेतात. 1915 मध्ये त्यांनी मिथाईल युजेनॉलची ओढही दाखवून दिली. नर हे द्रव्य चाटतो, शरीरात त्याचं रूपांतर करून साठवतो आणि तिन्हीसांजेला तोच गंध सोडून मादीला बोलावतो. ज्याने ते चाटलंय, त्याचं जुळण्याची शक्यता जास्त!

सापळा याच ओढीवर चालतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळाही असाच. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे थोडे नर उरले तरी वंश वाढतो. शिवाय शेजारच्या परसात जुळलेली मादी कुंपण ओलांडून आपल्या झाडावर येतेच. 1960 च्या दशकात पॅसिफिकमधल्या रोटा बेटावरून ही माशी याच गंधाने नाहीशी केली, कारण तिथे गंध आणि कीटकनाशक सगळ्या बेटावर टाकलं होतं. मी टांगला होता एकच सापळा, तोही आंबे पाडाला आल्यावर.

यंदा फळं लहान असतानाच गल्लीतल्या पाच घरांशी बोललो. प्रत्येक परसात एक सापळा, आणि गळलेला आंबा रोज उचलून खोल पुरायचा, कारण त्यातल्या अळ्या मातीत शिरून पुन्हा माश्या होऊन बाहेर येतात. उचलायचं काम मुलांनी घेतलंय.

बाबांनी झाडाला या मोसमापुरती मुदत दिली आहे. तुमच्याकडे आंबा किंवा पेरू असेल, तर सापळा आणण्याआधी शेजारच्यांचं दार वाजवा.