साखर, शक्कर आणि शुगर

परवा बीडच्या एका दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी शिरूर कासारकडची एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "तुलाबी शुगर हाय का रं बाबा?" आपल्याकडे किराणा दुकानात साखर मिळते, आजार मात्र शुगरचा होतो. 'मला साखर झाली' असं कुणी म्हणत नाही.

आमच्या घरात तिसराच शब्द, शक्कर. लहानपणी वर्गात तो चुकून तोंडातून गेला की पोरं हसायची. साखर आपली आणि शक्कर 'त्यांची', असं मानणारी मोठी माणसंही मला पुढे भेटली. खरं तर ही तिन्ही एकाच घरची लेकरं आहेत. संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू. उसाचा रस आटवून दाणे पडले, त्यांनाही तेच नाव मिळालं. प्राकृतात त्याचं सक्करा झालं, मराठीत साखर. इराणात शकर, अरबांकडे सुक्कर. अरबांनी ऊस इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत नेला आणि पिकासोबत शब्दही गेला. स्पॅनिश माणूस आजही 'असुकार' म्हणतो, त्यातला 'अ' म्हणजे अरबी 'अल'. फ्रेंचांकडून तो इंग्रजांना मिळाला आणि शुगर होऊन आपल्या दवाखान्यात परतला. मुलं कँडी मागतात, तिचं मूळही आपल्याच 'खंड'मध्ये, तीही इराण-अरबस्तान फिरून आलेली.

शक्कर ऐकून भुवया उंचावणाऱ्यांना 'मुकादम' कधी खटकत नाही, याची मला गंमत वाटते. हा शब्द अस्सल अरबी, अर्थ 'पुढे केलेला'. जुन्या कागदांत मोकदम म्हणजे गावचा पाटील. आज बीडमध्ये मुकादम म्हणजे उचल देऊन टोळी बांधणारा माणूस. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं त्याच्या मागे कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसं राबतात, हिशोबात एकच अवजार. बाईचा खाडा पडला तर दंड जोडीला.

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. शब्द कुणाचा यावर भांडणाऱ्यांपैकी किती जणांना हा आकडा ठाऊक असेल?

म्हातारीला विचारलं, ऊसतोडीला जायचात का? म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं. गुडघं गेलं तवा थांबले." आता डॉक्टरांनी तिला चहातली साखर बंद करायला सांगितली होती. "कारखान्यावर असताना कोपीत बिनसाखरेचाच प्यायचो की," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा नंबर आला.