महापौर कुंभकोणमचा, माणसे चेन्नईची

मार्च 2022 मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमला पहिला महापौर मिळाला. के. सरवणन, काँग्रेसचे नगरसेवक, रिक्षा चालवून संसार करणारे. बातमी देशभर गाजली, गाजायलाच हवी होती. 1866 सालची नगरपालिका 2021 मध्ये महापालिका झाली होती. पाटी बदलली, 48 प्रभागांचे सभागृह बसले. पण आयुक्त पाठवायचा कुणी, अभियंता हलवायचा कुणी? उत्तर जुनेच, चेन्नई. 2022 च्याच ऑक्टोबरात राज्य सरकारने 152 क्रमांकाचा आदेश काढून चेन्नईखेरीज बाकी महापालिकांच्या कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध परस्पर ठरवला आणि सफाईसारखी कामे ठेकेदाराच्या वाटेला लावली. कामगार संघटना रस्त्यावर आल्या. सभागृह जिथल्या तिथे.

दोष एकट्या तमिळनाडूचा नाही. 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 कामे मोजून दिली. ती करणारी माणसे कुणाच्या हुकमतीत असावीत, यावर अक्षर नाही. गंमत म्हणजे राज्य निवडणूक आयोगाने मागितल्यास राज्यपालांनी कर्मचारी पुरवावेत, असे घटनेत स्पष्ट लिहिले आहे. निवडून आणण्यापुरती माणसांची सोय झाली, पुढचे तुमचे तुम्ही बघा!

आपल्याकडे महाराष्ट्रात वेगळे काय आहे? मुख्याधिकारी राज्याच्या संवर्गातले, आस्थापना खर्चाला 35 टक्क्यांची वेसण. भरती अडली की कंत्राट, कारण ठेकेदाराचे बिल आस्थापनेत धरत नाहीत. कुठल्याही शहरातली पहाटेची हजेरी पाहा. मुकादमाच्या हातात दोन वह्या. एकीत निवृत्तीला टेकलेले कायम कामगार, दुसरीत ठेकेदाराची पोरे. कोणते चेंबर पहिल्या पावसात तुंबते हे पहिल्या वहीला पाठ असते, आणि दरवर्षी त्या वहीतली दोन-चार नावे कमी होतात. दुसऱ्या वहीतला शिकेपर्यंत ठेका बदलतो. नगरसेवक ओरडतो तो मुकादमावर. बिचाऱ्याच्या हातात त्या दोन वह्यांपलीकडे काही नसते.

आणि ज्याची माणसेच त्याची नाहीत असा महापौर कुंभकोणमात असावा! 1828 साली याच गावी जन्मलेल्या तंजावरी मराठी टी. माधवराव यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. राज्यकारभार म्हणजे आधी माणसांची निवड, हे त्या घराला सांगावे लागले नसते. त्यांच्या गावच्या महापौराला आज एक आरोग्य निरीक्षक बदलायचा म्हटला तरी चेन्नईचे दार ठोठावावे लागते.

2028 मध्ये तिथे महामहमचा स्नानोत्सव आहे. सोळा मंडपांच्या त्या तळ्यावर लाखोंची गर्दी उसळेल. 1992 च्या महामहमला तिथेच चेंगराचेंगरीत पन्नासच्या आसपास माणसे दगावली होती. या खेपेला कोणत्या गल्लीच्या तोंडाशी किती माणसे उभी करायची, हे ज्याने ठरवायचे तो आयुक्त बहुधा आज दुसऱ्याच कुठल्या गावी फायलींवर सह्या करत असेल.